देवचाराचा चेहरा

वैभववाडी स्टेशनवर उतरलो आणि काकांचा फोन आला. "सावकाश ये रे. आता घाय नाय." एवढंच बोलले. जामसंड्याला पोहोचेपर्यंत मी ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत होतो... नीलू, माझी चुलत बहीण, गेली त्याला आता दीड महिना होईल.

राक्षसांशी लढणाऱ्या मुलांच्या जपानी चित्रकथा तिनेच माझ्या हाती दिल्या. उजवीकडून डावीकडे वाचायच्या. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारा माणूस, भराभर पानं उलटायचो. ती पानावर तळवा ठेवायची. "दादा, हय थांब." लढाईभर शाईच्या रेघा पावसासारख्या तिरप्या धावत, आणि तलवार लागली की पुढचं पान जवळजवळ रिकामं. राक्षस आधी माणूस होता हे आपल्याला तिथे कळतं, तोवर तो संपलेला असतो. नीलूला वेड होतं ते त्या रिकाम्या पानाचं.

मग ती स्वतःची चित्रकथा काढू लागली. नारळ उतरवणारी एक मुलगी, हातात कोयता, आणि समोर राक्षस झालेला देवचार. गाव त्याची वर्षाची राखण, म्हणजे नारळ-कोंबड्याचा मान, द्यायला विसरला, म्हणून गावाचा हा राखणदार उलटला, अशी गोष्ट. आमच्या वाडीत देवचार म्हणजे माडाखालचा एक दगड. त्याला मूर्ती नाही, चेहरा नाही. काकांनी पानं पाहिली आणि त्यांचा आवाज चढला.

"राखणदाराक राक्षस केलंस? वर तेका तोंड काढतलंस? तेका तोंड नसता गो!"

"तुमी बघितलास?"

"बघूक नाय म्हणानच सांगतंय."

"शेवटच्या पानार तोंड दिसल्याशिवाय तो सुटाचो नाय, पप्पा."

त्यानंतर काही महिन्यांनी तिच्या बोटांतलं बळ जाऊ लागलं. डॉक्टरांनी मज्जातंतूंच्या आजाराचं नाव सांगितलं. काकांच्या मनात मात्र दुसरंच होतं. ते दगडापुढे नारळ ठेवून क्षमा मागून येत आणि तिच्या टेबलाकडे न बघता आत जात. मी सुट्टीत तिथे असलो की घरात दोघंही हळू बोलत, पण भांडी आपटल्याचा आवाज मला ओटीपर्यंत येई. नीलू काढतच राहिली, आधी मनगटाने, मग पेन बोटांना बांधून. सगळी लढाई झाली. उरलं ते शेवटचं पान, त्यावर चेहऱ्याएवढी कोरी जागा. पेन तीनदा निसटलं. मी उचलून देणार, तोच काका आले, तिच्या मागे बसले आणि तिचा हात आपल्या हातात घेतला.

"खंय?"

"हय... डोळ्यापासून."

काकांनी स्वतःचे डोळे गच्च मिटले.

"पप्पा, उघडा. रेघ वाकडी जातली."

"जावंदे."

ती सांगत होती, मिटल्या डोळ्यांचा तो माणूस तिचा हात नेत होता. दोघांचे श्वास ऐकू येत होते. ओठ उमटले तेव्हा ती म्हणाली, "झाला."

ते पान आता तिच्या खोलीत, टेबलावरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत आहे. काका रोज खोली झाडतात, काच पुसतात, पण पाठमोरे उभे राहून, हात मागे नेऊन. परवा मी तिथे होतो, तेव्हा पुसता पुसता थांबले. "कसो दिसता रे तो? रागान बघता?"

मी जवळ गेलो. एक डोळा खाली घसरलेला, ओठ किंचित उघडे.

"नाय, काका. दमलेलो दिसता."

काकांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि ते चित्राकडे वळले.