जिथे कुणीच पडत नव्हतं

तपासनीस बाईंना त्यांच्या माघारी 'खुर्चीवाल्या बाई' म्हणत, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. वृद्धाश्रम तपासायला येणारे बाकीचे लोक आधी कचेरीत बसतात, चहा घेतात, फायली चाळतात आणि मग घाईघाईने एक फेरी मारून मोकळे होतात. बाईंचं सगळं उलटं. त्या थेट राहणाऱ्यांच्या बैठकीत जायच्या, एखादी रिकामी खुर्ची बघायच्या आणि तिच्यात बसून राहायच्या. काही विचारायचं नाही, काही लिहायचं नाही. नवख्या व्यवस्थापकाला वाटायचं, बाईंना चक्कर आली की काय.

"तपासणीच्या दिवशी सगळेच शहाण्यासारखे वागतात," त्या घरी सांगायच्या, "पण ते सोंग फार वेळ टिकत नाही. जरा बसून राहिलं की मंडळी मूळ पदावर येतात."

त्यांचे यजमान म्हणत, "म्हणूनच ही घरात खुर्चीत बसली की माझ्या पोटात गोळा येतो." त्यांचं काही चुकत नव्हतं. लग्नाकार्याला गेल्या तरी बाईंची नजर आधी मागच्या दाराची कडी गंजली आहे का ते बघायची. यजमान कानाशी लागत, "अगं, निदान नवरानवरीकडे तरी बघ!" सख्ख्या बहिणीच्या नव्या घरात त्यांनी शेगडीची नळी वाकून तपासली होती. बहीण त्यावर बरेच दिवस फुगून बसली होती. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. नळी मात्र बदलली गेली.

तर अशा बाई एका सकाळी त्या तीन मजली वृद्धाश्रमात पोहोचल्या. घर खरोखरच नावाजण्यासारखं होतं. फरशी लख्ख, चादरी स्वच्छ, न्हाणीघरात धरायला जागोजागी दांडे. औषधांच्या कपाटाला कुलूप आणि कुलपाची किल्ली जिच्याकडे हवी त्या परिचारिकेकडेच. दर्शनी भिंतीवर मोठा फलक होता: 'या वर्षी पडण्याची एकही घटना नाही.' व्यवस्थापक त्या फलकाखाली असे उभे होते, जणू पोराचा पहिला नंबर आलाय. भला माणूस होता. आदल्या वर्षी एक आजोबा घसरून पडले, तेव्हा त्यांच्या पुतण्याने दारात उभं राहून असा काही तमाशा केला होता, की बिचाऱ्याची झोप उडाली. दुधाने तोंड पोळलं, आता ताकही फुंकून पीत होता.

बाई पहिल्या मजल्यावरच्या बैठकीत गेल्या आणि खिडकीजवळ एक खुर्ची रिकामी होती तिच्यात बसल्या.

थोड्या वेळाने त्यांना तहान लागली. पाण्याचा जग समोरच्याच टेबलावर होता. त्या जरा पुढे सरकल्या, तोच एक मदतनीस मुलगी धावत आली. "बसा हं, काय हवंय? मी देते ना!" पाणी मिळालं. पलीकडचे एक आजोबा वर्तमानपत्र घ्यायला उठू लागले. "बसा हं आजोबा, मी आणते!" वर्तमानपत्र आलं. एका आजींनी खिडकीबाहेर बघायला म्हणून नुसते हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले, तर दोघी जणी दोन बाजूंनी आल्या आणि खिडकीच आपली असावी तशी तिच्यात काय दिसतंय ते आजींना सांगू लागल्या. सगळं हसतमुखाने, मायेने. रागवायला कुठे जागाच नाही.

"इथे उठायचा नुसता विचार मनात आणा, ह्यांना कळतं," शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. "भीक नको, पण कुत्रा आवर!"

आवाज खणखणीत होता. तो असायचाच, कारण त्या खुर्चीतल्या मावशींनी उमेदीची सगळी वर्षं बसमध्ये तिकिटं फाडण्यात घालवली होती. जन्मभर उभ्याने काम. घरी पडून खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि थोड्याच दिवसांसाठी म्हणून त्या इथे आल्या. त्यांचं स्वतःचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना चढता आला की घरी जायचं, असं ठरलं होतं.

"मग चालवत नाहीत का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"चालवतात की! सकाळी दोघी दोन्ही बाजूंनी धरून दारापर्यंत नेतात. चालतात त्या. मी नुसती मधे लटकते."

मग मावशींनी आवाज खाली आणला. न्हाणीघरात गेल्या की त्या नळ सोडून ठेवत, म्हणजे बाहेरच्यांना वाटावं आंघोळ चाललीय. आणि दांडा धरून उठत, बसत, उठत, बसत. "चोरून पोरं विड्या ओढतात, मी चोरून उभी राहते."

हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. परगावच्या मुलाने निरोप दिला होता. आई आता काही जिना चढत नाही, तेव्हा घर सोडावं आणि बाबांनीही आईजवळ राहायला जावं. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. "हे रोज येतात भेटायला. काही बोलत नाहीत. पण काल म्हणाले, कुंड्या कुणाला देऊ? तिथेच माझा धीर सुटला बघा."

बाईंना गलबलून आलं. पण एकट्या मावशींसाठी हुकूम सोडणं त्यांच्या अखत्यारीत नव्हतं, आणि ज्या घरात कुणी पडत नाही त्या घराला नावं तरी कशी ठेवायची? त्या आणखी जरा बसल्या. सबंध बैठक खुर्च्यांत बसलेली होती. जिन्याच्या दारावर आगीच्या वेळच्या सुटकेचा आराखडा लावलेला होता, आणि त्यात यातली बहुतेक मंडळी 'स्वतः चालत उतरणारी' म्हणून दाखवली होती.

बाई उठल्या. धावत आलेल्या मुलीला हाताने थांबवलं आणि व्यवस्थापकांना म्हणाल्या, "आगीचा सराव दाखवा. लिफ्ट बंद समजा."

"आत्ता?"

"आग काय वेळ ठरवून येते?"

घंटा वाजली. कर्मचारी तरबेज होते, त्यांना बोल लावायला जागा नव्हती. पण दोघांनी मिळून एकाला उचलखुर्चीत बसवायचं, जिना उतरायचा, धापा टाकत परत वर यायचं. जे पूर्वी चालत होते ते उभे राहिले की त्यांचे गुडघे लटपटायचे आणि ते पुन्हा बसायचे. खालून माणसं दुसऱ्यांदा वर आली तरी बैठक जवळपास तशीच भरलेली. व्यवस्थापकांच्या कपाळावर घाम आला.

"मागच्या सरावात हे सगळे आपापले उतरले होते हो," ते म्हणाले.

"मग मधल्या काळात काय झालं?"

व्यवस्थापकांनी रांगेने मांडलेल्या खुर्च्यांवरून नजर फिरवली, आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"मी उतरते," मावशी म्हणाल्या.

"बसा हं माव..." मदतनीस मुलीच्या तोंडून सवयीने निघालंच.

"आग लागलीय ना?" बाई म्हणाल्या. "त्यांना उतरू द्या. तुम्ही एक पायरी खाली राहा."

मावशींनी कठडा धरला. दुखरा पाय आधी, मग चांगला. नळाच्या आडोशाने केलेली मेहनत कामी येत होती. दोन पायऱ्या उतरल्यावर त्यांना जुनं अंगात आलं आणि त्या मागे वळून कडाडल्या, "चला, दारात गर्दी करू नका! कठडा धरा, पुढे सरका!" वर्तमानपत्रवाले आजोबा खरंच उठले आणि एका मुलीच्या आधाराने मागोमाग निघाले.

अंगणात पोहोचायला फार वेळ लागला. तेवढ्यात फाटकातून काका, म्हणजे मावशींचे यजमान, चहाचा थर्मास घेऊन आत आले. अंगणात सगळा गोतावळा बघून ते आधी घाबरले. मग त्यांना बायको दिसली. उभी.

"अगं, तू उभी?"

"आग लागलीय. बसून कशी राहू?"

सराव संपला, लिफ्ट सुरू झाली. व्यवस्थापकांनी लगबगीने चाकांची खुर्ची आणली. मावशी तिच्याकडे पाठ करून जिन्याकडे वळल्या. "उतरायला काय, दगडसुद्धा उतरतो. चढता येतं का ते बघायचंय."

"मावशी, आजच्याला पुरे," व्यवस्थापक काकुळतीला आले. मग बाईंकडे वळले. "बाई, पडल्या तर? तुम्हीच लिहाल."

"लिहीन," बाई म्हणाल्या. "चढताना पडल्या, असं लिहीन. बसवून ठेवल्या असं लिहिण्यापेक्षा ते बरं."

बोलायला बोलून गेल्या, पण पुन्हा हाड मोडलं तर मावशींचं घर सुटलंच, आणि त्याला कारण आपण. तपासनिसाने कुणाला हात लावायचा नसतो, हा नियम त्यांनी सबंध नोकरीत पाळला होता. त्यांनी पिशवी काकांच्या हातात दिली आणि मावशींच्या मागे, एक पायरी खाली, दोन्ही हात पुढे करून उभ्या राहिल्या.

चांगला पाय आधी, मग दुखरा. मावशी एक पायरी चढल्या, थांबल्या. दुसरी चढल्या. वळणाच्या सपाट जागेवर पोहोचल्या तेव्हा श्वास भात्यासारखा चालला होता आणि पाय लटलटत होते. बाईंनी पाठीला हात लावला. मावशी तिथल्या पायरीवर टेकल्या.

"घरचा जिना याच्यापेक्षा मोठा आहे गं," काका खालून म्हणाले.

"माहितीये मला," मावशी म्हणाल्या. दम खाऊन त्यांनी पुन्हा कठडा धरला. "पोराला फोन करा. म्हणावं, घर सोडत नाही. आई निघालीय, जिन्यात आहे."