बाबांना न लिहिता येणारा शब्द

वालूर सोडलं त्या सकाळी माझी लोखंडी ट्रंक बंद होईना. बाबांनी जोर लावून पाहिला, दादानं गुडघा रोवून पाहिला. शेवटी माय आली, लुगडं सावरून सरळ ट्रंकेवर बसली आणि कडी खट्कन लागली. "असं असतंय," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ उठलीच नाही. बाहेर सेलूची एसटी हॉर्न वाजवत होती, पण तिला ऊठ म्हणायची कुणाची छाती होईना. मी इंग्लंडला नर्सिंग शिकायला निघाले होते. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती. आता ती सकाळ आठवते तेव्हा ऊन, धूळ, एसटी, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलतं.

इरा, नील, मागच्या आठवड्यात इरानं फोनवर विचारलं, "आजी, मी 'बम' म्हटलं म्हणून टीचर रागावली. मग चांगला शब्द कोणता?" मी 'बॉटम' म्हणून मोकळी झाले. ते उत्तर अपुरं होतं. उरलेलं इथं लिहिते. तुमची आई वाचून दाखवील.

बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. "इंग्रजी नीट शिक, मग कुणापुढं मान खाली जाणार नाही," असं ते मला सांगत. मी नीट शिकले. परभणीच्या कॉलेजात निबंधाला बक्षीसही मिळालं. पण त्या इंग्रजीत माणसाला कमरेखाली शरीर नव्हतं, आणि वॉर्डात माझं काम तिथूनच सुरू झालं. अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठरल्या वेळी कुशीवर वळवायचं, साबणपाण्यानं पुसायचं, कोरडं करायचं आणि कातडी कुठं लाल झाली का ते पाहायचं. पडून पडून कुणाला जखम झाली तर आमच्या सिस्टर, म्हणजे वॉर्डाच्या मुख्य नर्स, दिवसभर कुणाशी बोलत नसत.

या कामात शब्दांची नुसती रेलचेल होती. सिस्टर 'बॉटम' म्हणत, डॉक्टर 'बटक्स' लिहीत. खाणीत काम केलेले म्हातारे 'बॅकसाइड' म्हणत, तेव्हा मला हसू येई, कारण परभणीत आम्ही घराच्या मागच्या अंगणाला बॅकसाइड म्हणायचो. एक निवृत्त शिक्षिका 'माय बिहाइंड' म्हणे, तेही खिडकीकडं बघत. 'बम' लेकरांसाठी आणि थट्टेसाठी होता. अमेरिकेत मात्र तोच शब्द भणंग माणसाला लावतात, असं कुणीतरी सांगितलं. बॉटम समुद्राचाही असतो. 'रिअर' म्हणजे मागची बाजू आणि लेकरं वाढवणंही. मी वहीत तीन रकाने आखले: शब्द, कोण म्हणतं, कुणासमोर चालतो. रात्री ती वही उशाशी घेऊन झोपायची, आणि ते शब्द धुक्यातल्या दिव्यांसारखे एकेक करून लागायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात बाबांचं पत्र आलं. माय विहिरीजवळ घसरली होती, मांडीचं हाड मोडलं होतं, आता पडूनच असते. शेवटी एक ओळ होती: 'पाठीला थोडी जखम झाली आहे, काळजी नसावी.' मी पाठीचे उपाय लिहिले. महिन्याभरानं दुसरं पत्र आलं: 'पाठ बरी आहे असं ती म्हणते, परंतु ताप हटत नाही. खोलीत वास येतो.'

पत्र हातात घेऊन मी जिन्यात खालीच बसले. जखम पाठीवर नव्हतीच. मायनं ती कुणाला दाखवली नसणार, सेलूच्या डॉक्टरलाही नाही, आणि बाबांनी विचारलं नसणार. असा वास आणि असा ताप वॉर्डात काय करतो, हे मी पाहिलं होतं.

लगेच लिहायला बसले आणि अडले. इंग्रजीत माझ्याकडं डझनभर शब्द होते, मराठीत बाबांना लिहिता येईल असा एकही नव्हता. 'नितंब' लिहून खोडला, तो कवितेतल्या बायकांचा. 'पार्श्वभाग' बाबांना कळला असता, पण मायचं सगळं करणाऱ्या शांतावहिनीला नाही. तिला वाचता येत नव्हतं, पत्र बाबाच दारात बसून मोठ्यानं वाचणार, शेजारपाजार ऐकणार. जो शब्द तिला एका दमात कळेल तो एकच होता. मी लिहिलं: 'वहिनी, मायच्या ढुंगणावरची जखम आजच उघडी करून बघ.' मग पुढं सगळं ओळीनं लिहिलं: उकळून गार केलेलं मिठाचं पाणी, स्वच्छ फडकं, दर दोन तासांनी कूस बदलणं, आणि डॉक्टरला दाखवणं. पत्र पेटीत टाकलं. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते आठवत नाही. बर्फ पडत होतं आणि मी लोकांच्या आयांना कुशीवर वळवत होते, एवढंच दिसतं.

उत्तर आलं. अक्षर बाबांचं, बोल मायचे. तिनं सांगितलं तसंच त्यांनी उतरवलं होतं, स्वतःबद्दलचंसुद्धा:

'तुजे बाबा त्या शब्दापाशी आले न् खोकायले. मी म्हणलं, का थांबलाव? वाचा की. लेकीनं लिहिलंय, शिवी न्हाई दिली. शेजारची कौसाबाई म्हणायली, इंग्लंडात जाऊन पोरगी हेच शिकली का गं? मी म्हणलं, हेच शिकली, बरं झालं. शांतानं बगितलं न् रडायली. लय मोठी हाय म्हणली. डाक्टर येऊन गेला. मी तोंड भिताडाकडं केलं, पण बगू दिलं.'

जखम भरायला उन्हाळा उलटला.

पुढं रजेवर आले तेव्हा माय काठीनं चालत होती. एका दुपारी घरात दोघीच होतो. "बग तर, तुजं काम," म्हणत ती कुशीवर वळली. जखमेच्या जागी लिंबाएवढा फिकट, गुळगुळीत खळगा होता. मी त्यावर तळहात ठेवला. कितीतरी परक्या अंगांवरून फिरलेला तो हात मायच्या अंगाला असा पहिल्यांदाच लागत होता. थोड्या वेळानं तिला झोप लागली, आणि मी हात काढला नाही.

माय जाऊन पुष्कळ वर्षं झाली. वालूरचं घर पाडून दादाच्या मुलांनी नवं बांधलं. इंग्लंडची नोकरी संपवून मी परभणीत दोन खोल्यांत राहते, आणि तुमचं सगळं तिकडं. आजी, तुझं घर नक्की कोणतं, असं नील विचारतो तेव्हा मला गाव दिसत नाही, दार दिसत नाही. दुपारची शांतता असते, आणि माझ्या तळहाताखाली ती ऊब असते.