आग्या माश्यांचा जामीन

उभ्या मराठवाड्यात आग्या माश्यांना जामीन राहिलेला माणूस एकच, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे, हे मी गुलमंडीतल्या माझ्या कापडाच्या दुकानात साड्या दाखवता दाखवता सांगतो. कुणी विचारलेलं नसतं, तरी सांगतो. दाजींनी तीस वर्षं वाळूजच्या कारखान्यात फिटर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. यांनी हर्सूलला आपल्या तीनमजली सोसायटीच्या गच्चीवर मधमाश्यांच्या चार पेट्या मांडल्या. पेट्या स्वतः बनवल्या, आणि आतल्या चौकटीत सूतभर फरक निघाला तरी ती मोडून नवी केली. कारखाना सुटला, पण कारखान्याची भाषा काही सुटली नाही. सकाळी माश्या उडाल्या की ‘पहिली पाळी गेली’, दुपारी ‘दुसरी सुटंल आता’. पेटीच्या तोंडाशी एखादा सुस्त नर दिसला की म्हणायचे, ‘ह्यो साहेब. काम नाय, पण जेवायच्या टायमाला हजर.’

त्यांच्या गच्चीवर जायचं तर आधी अंगाला कसला वास नाही ना, हे तपासून घ्यावं लागतं. अत्तर चालत नाही आणि केळं तर मुळीच नाही, कारण चिडलेल्या माशीच्या अंगाला केळ्यासारखा वास येतो आणि तो धरून बाकीच्या धावून येतात. एका महाशिवरात्रीला मी उपासाची दोन केळी खाऊन वर निघालो, तर दाजींनी जिन्यात अडवलं. ‘पाव्हणं, आधी तोंड खंगाळा. हात कोपरापतुर धुवा.’ मी हसलो आणि तसाच वर गेलो. खाली आलो तेव्हा माझं नाक वांग्याएवढं झालं होतं, आणि दाजी हळहळत होते ते पेटीकडं बघून. डंख मारलेली माशी मरते ना. ‘एक हकनाक गेली,’ म्हणाले. माझ्या नाकाची चौकशी अक्कानं केली.

गेल्या हिवाळ्यात एका बुधवारी त्याच गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखाली रानातल्या आग्या माश्या येऊन बसल्या. सुपाएवढा काळा घोस. सोसायटीत पळापळ झाली आणि सेक्रेटरींनी औषध फवारणाऱ्याला फोन लावला. दाजी टाकीखाली वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘मेणाचा टिपूससुदिक नाय. पोळं बांधायला आलेल्या न्हाईत ह्या. वाटसरू हायेत, दम खायला बसल्यात. रविवारपतुर जातील.’ सेक्रेटरींनी विचारलं, नाही गेल्या तर? ‘तर माझ्या चारी पेट्या खाली उतरवतो. मी जामीन.’ पेट्या कधी हलतात याची वाटच बघत होते सेक्रेटरी. त्यांनी लगेच होकार दिला. अक्का कपाळाला हात लावून म्हणाली, ‘माणसाला जामीन ऱ्हाताना दहादा इचार करत्यात, आन् माशीला एका दमात?’

मग दाजी गच्चीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. कुणाला वर सोडीनात. गुरुवार गेला. शुक्रवारपासून आभाळ भरून आलं, गारठा पडला, आणि असल्या हवेत माशी उडत नाही. रविवारी दिवस मावळला तरी घोस तिथंच. सोमवारी दहाच्या सुमाराला ऊन पडलं आणि सगळ्या माश्या एकदम उठल्या, सोसायटीवर एक घिरटी घातली आणि हर्सूलच्या तलावाच्या अंगानं निघून गेल्या. एकालाही डंख नाही. सेक्रेटरी स्वतः वर आले. ‘राहू द्या हो पेट्या. एका दिवसानं काय बिघडतं?’ ते अगदी मनापासून बोलत होते. दाजी म्हणाले, ‘जबान रविवारची व्हती.’ आणि पेट्या बांधायला दोरी शोधू लागले. पहिल्याच पेटीची गाठ त्यांनी दोनदा बांधून सोडली. सूतभर फरक न खपणाऱ्या माणसाची गाठ चुकताना मी पहिल्यांदाच पाहिली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘दाजी, माझ्या दुकानावरच्या गच्चीवर आणा.’

जागा जवळ असती तर माश्या परत हर्सूललाच गेल्या असत्या. गुलमंडी पुरेशी लांब निघाली. दिवेलागणीला माश्या घरी परतल्यावर पेट्यांची तोंडं बंद करून टेम्पोनं आणल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाजी पुन्हा आले, स्कूटरवर पुढ्यात एक लहान खोकं धरून. काही माश्या रात्री बाहेरच राहिल्या होत्या आणि सकाळपासून रिकाम्या जागेवर घिरट्या घालत होत्या. खोक्यात पोळ्याचा तुकडा ठेवून त्यांनी दिवसभर एकेक गोळा केली होती. पन्नासेक असतील. मी म्हटलं, ‘दाजी, एवढ्याशासाठी?’

‘जबान मी दिली व्हती, पाव्हणं. त्यांला काय ठाव?’

मला त्यांचा इतका अभिमान वाटला की ते खोकं मीच गच्चीवर नेलं. आता ते रोज सकाळी स्कूटरनं येतात आणि बाजार गजबजायच्या आत परततात. हर्सूलची गच्ची मोकळी झाली. यंदा अक्कानं तिथं पापड-कुरडया घातल्या, अगदी कठड्यापर्यंत. पेट्यांच्या त्या चार जागा तेवढ्या सोडल्या.