काटा चढतोच आहे

मेल्टिंग पॉइंट काढताना घाई करणाऱ्या माणसाला मी माझ्या टेबलाजवळ उभं करत नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. मला खडूस म्हणतात, म्हणू देत. एका टोकाला बंद केलेल्या बारीक काचेच्या नळीत चिमूटभर पावडर ठोकून बसवायची, नळी यंत्रात उभी करायची आणि भिंगातून बघत राहायचं. आच इतकी हळू वाढवायची की बघणाऱ्याला जांभया आल्या पाहिजेत. पावडर किती तापमानाला वितळते त्यावर ती सुकवताना ड्रायर किती तापवायचा ते ठरतं, आणि ड्रायरसमोर माणूस उभा असतो.

आमच्या कारखान्यात तो माणूस माझा धाकटा दीर होता. वयाने माझ्याहून लहान, तरी मी त्याला भावोजीच म्हणायची. रत्नागिरीच्या बाहेर सड्यावर, कातळाच्या माळावर, आमचा कारखाना. मी प्रयोगशाळेत, ते ड्रायरवर, आणि डबा दोघांचा एकच, माझ्या हातचा. त्यात मीठ कमी पडलं की सगळ्या शिफ्टला ते कळायचं.

शिमग्याचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीत ग्रामदेवतेची पालखी येणार होती. नवरा मुंबईहून निघाला होता, सासूबाई अंगण सारवत होत्या. आमच्या अंगणात पालखी नाचवायला या वर्षी भावोजी खांदा देणार होते, पहिल्यांदाच. आठवडाभर त्यांचं दुसरं बोलणं नव्हतं. कारखान्यात सगळ्यांचं तेच चाललेलं. प्रत्येकाच्या गावात पालखी, प्रत्येकाला रजा हवी, आणि ओला माल ड्रायरमध्ये टाकून कुलूप लावता येत नाही. साहेबसुद्धा इथलेच, त्यांनाही त्यांच्या गावी पोचायचं होतं. त्यांनी ठरवलं, ड्रायर जास्त तापवू, माल संध्याकाळपर्यंत सुकेल. नियमाप्रमाणे त्याआधी मेल्टिंग पॉइंट बघून घ्यायला मला सांगितलं.

मी बघितला, माझ्या पद्धतीने, हळूहळू. नीट वितळणारी पावडर तुपासारखी स्वच्छ होते. ही वितळलीच नाही. पुस्तकातल्या आकड्याच्या बरंच अलीकडे ती पिवळी पडली, मग गूळ करपावा तशी काळपट झाली, आणि नळीत बारीक बारीक बुडबुडे दिसायला लागले. पावडर वितळत नव्हती, फुटत होती. आतल्या आत विघटन होऊन स्वतःच उष्णता सोडणारा माल असा दिसतो. मी नवी नळी भरून परत बघितलं. तेच.

साहेबांना बोलावलं. ते गाडीची किल्ली बोटात फिरवतच आले. नळी नीट भरली नसेल म्हणाले आणि स्वतः बसले. आच भराभर वाढवली, पावडरला काळं पडायला सवडच दिली नाही, आणि आकडा आला थेट पुस्तकातला. मी म्हटलं, असं पळवत नेलं तर कुठलाही आकडा येईल, पण ड्रायरमध्ये माल तासन् तास गरम राहणार आहे. हा माल आधी बाहेरच्या सुरक्षा तपासणीला पाठवा, तोवर ड्रायर थंड ठेवा. त्यांनी ऐकून घेतलं, नाही असं नाही. मग म्हणाले, "शिमगा होऊ दे, मग पाठवू." आणि ड्रायरची आच वाढवायला सांगून मोकळे झाले. मी संतापून यंत्र बंद केलं.

मी तडक ड्रायरवर गेले. भावोजींना सगळं सांगितलं, निम्मं ओरडूनच. ते हसले. म्हणाले, वहिनी, तू भाकरीसुद्धा मंद आचेवर भाजतेस, तुझ्या हिशेबाने चाललो तर पालखी माझ्याशिवायच येऊन जाईल. पण माझा चेहरा बघितला आणि म्हणाले, लक्ष ठेवतो, तापमानाचा काटा जरा जरी जास्त दिसला तरी ड्रायरची वाफ बंद करतो. मी मान हलवली. परत येताना मला सारखं वाटत होतं की मागे वळावं.

दुपारी जेवण झाल्यावर टेबलावरचा फोन वाजला.

"वहिनी, वाफ बंद केली. पण काटा चढतोच आहे."

असा शांत आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"भावोजी, सगळं टाका आणि बाहेर पळा."

"मालावर पाणी सोडायचा व्हॉल्व्ह तेवढा उघडतो आणि येतो."

मी नको म्हणेपर्यंत फोन ठेवलेला होता. मी जिन्यापर्यंत पोचले असेन. आधी खिडक्यांच्या काचा आल्या, मग आवाज. बाकीच्यांना भावोजींनी आधीच बाहेर काढलं होतं. व्हॉल्व्ह उघडलेला सापडला.

तपासणीला उरलेला माल शिमग्यानंतर गेलाच. अहवालात मी भिंगातून बघितलं होतं तेच लिहून आलं, जरा शुद्ध भाषेत.

पालखी मात्र ठरल्या दिवशी, स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी, वाडीत आली. सुतकाच्या घरी ती येत नाही. आम्ही दार अर्धं लोटून आत बसलो होतो. बाहेर सारवलेल्या अंगणात कुणाचं पाऊल उमटलं नव्हतं. ढोल जवळ जवळ आले आणि आमच्या गडग्याशी, दगडी कुंपणाशी, एकदम थांबले. फक्त पायांचा आवाज. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"तुला आधी कळलं होतं ना गो?"

"हो," मी म्हटलं.

शेजारच्या अंगणात ढोल परत वाजायला लागले.