गार पाण्याचा बोळा

बालरुग्ण विभागात तिला सगळे मावशी म्हणत. डॉक्टर म्हणत, सफाईवाला म्हणे, आणि ज्यांच्या पोरांचं मूत तिने झेललं त्या बायकाही म्हणत. खरं तर तिला सख्खी भाची एकही नव्हती. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. घरी गेलं की कुलूप उघडायचं, आणि आतून "आलीस का?" विचारायला कुणी नाही. या एकटेपणाचा तिला अगदी वीट आला होता, पण सांगणार कुणाला?

तिचं काम ऐकून लोक हसत. तापाने फणफणलेल्या तान्ह्याला कुठे दुखतंय ते सांगता येत नाही, म्हणून त्याची लघवी तपासायची. पिशवी चिकटवून गोळा केली, तर कातडीवरचे जंतू मिसळतात आणि तपासणी फसते. मग बाळाला स्वच्छ पुसून मांडीवर घ्यायचं, बाटली हातात धरून ताटकळायचं आणि धार सुटली की वरच्यावर झेलायची. मावशीचा त्यात हात बसला होता. गार पाण्याचा बोळा ओटीपोटावर फिरवला की बहुतेक स्वाऱ्या लवकरच शरण येत.

त्या दुपारी पाच महिन्यांचा एक मुलगा आला. ताप हटत नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, नमुना मिळाल्याशिवाय औषध सुरू करता येत नाही. थोडा वेळ बघा, नाहीतर नळी घालून काढू."

आई जागरणाने पेंगुळली होती. "जरा पड तू," मावशी तिला म्हणाली. "मी आहे ना."

बाळ मांडीवर आलं आणि त्याने मावशीचं बोट मुठीत घट्ट धरलं. बोळा शेजारच्या वाटीत होता. तो फिरवला की काम होणार, आणि काम झालं की बाळ आईकडे जाणार. राहू दे अजून थोडा वेळ मांडीवर, असं तिला वाटलं. बोट सोडवून घ्यायचं तिच्या जिवावर आलं. बाटली बाजूला ठेवून दुसऱ्या हाताने ती त्याला थोपटत बसली.

धार सुटली ती थेट तिच्या ओच्यात. बाटलीपर्यंत हात पोचेस्तोवर सगळं आटोपलं होतं.

औषध खोळंबलं होतं, पुन्हा धारेची वाट बघत बसायला आता वेळ नव्हता. नळी घालताना बाळाचे पाय मावशीनेच धरले. ते कळवळून रडलं, आणि रडताना तिच्याकडेच बघत राहिलं.

तपासणीत जंतू निघाले, औषध लागू पडलं, ताप उतरला. घरी जाताना आई म्हणाली, "मावशी, तुमच्यामुळे त्या दिवशी माझा घटकाभर डोळा लागला. आजीसारखं सांभाळलंत त्याला." मावशीला मान वर करवेना.

तेव्हापासून कुठलंही बाळ आलं की त्याला मांडीवर आईच घेते, नाहीतर बाप घेतो. मावशी समोर बसते, एका हातात बोळा आणि दुसऱ्या हातात बाटली घेऊन. एखादं बाळ तिचं बोट धरायला हात पुढे करतं, तेव्हा तिचे दोन्ही हात गुंतलेले असतात.