वकीलसाहेबांच्या गाडीचं दातेरी चाक

वर्कशॉपात बाई एकटीच असली की किस्से तिच्याच नावावर जमा होतात, चुकी कुणाची का असेना. माझ्या नावावर लय हायत. पण एका जुन्या मोटारीपायी जेवढे झाले, तेवढे कशातच न्हाईत.

माझं शिक्षण चौथी. परभणीतल्या या वर्कशॉपात नऊ वर्षं मी माल पुसला, तेल घातलं. समोर कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन. बघून बघून बटणं पाठ झाली. ऑपरेटर पुण्याला गेला, तसं मशीन मी धरलं. मालकांना ते पटंना. जुन्या गाडीचं काम आलं तेव्हा सगळ्यांसमोर बोलले, "रुक्मिणबाई, हा पार्ट गाडीत बसला तर मशीन तुमच्याकडं. न्हाई बसला तर दुसरा माणूस आणतो."

मी म्हणलं, "आणा. पण आधी पार्ट तर बनू द्या."

*

गाडी रिटायर वकीलसाहेबांची. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात घेतलेली. स्टेअरिंगच्या आतलं दातेरी चाक झिजलं होतं आणि तसलं आता कुठंच मिळत न्हाई. साहेब ते धोतराच्या फडक्यात गुंडाळून, ऑटोतून मांडीवर घेऊन आले. मापं घ्यायला मागितलं तर हातातून सोडंनात.

"बाई, हे एकच आहे."

अर्धा तास गेला. शेवटी मी म्हणलं, "साहेब, तुमी असंच धरून बसा, मग आमी तुमालाच मशीनवर ठेवतो."

लगेच दिलं.

*

आमच्या वर्कशॉपातल्या इंजिनियरसाहेबांनी त्याचा स्कॅन केला, कॉम्प्युटरवर हुबेहूब चित्र काढलं. मी जुन्या दातांवरून बोट फिरवलं. एका बाजूचे दात झिजून बारीक. चित्रातही बारीक. तसं सांगितलं तर म्हणाले, कॉम्प्युटर चुकत नाही.

"चुकला कुठं? त्याला म्हातारं दाखवलं, त्यानं म्हातारंच काढलं."

तीन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. चौथ्या दिवशी दात जाड करून चित्र बदललं. तेपण मी जेवायला गेल्यावर.

*

त्या कामाचं पोलाद हैदराबादहून आणलेलं. ठोकळे दोनच. पहिला लावला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. चार तास कटिंग चाललं आणि चाक निघालं तिरकं. डोळ्याला दिसत न्हाई, पण मापात सापडतं. सगळे माझ्याकडंच बघायले. मालकांनी फोन काढला, म्हणाले, त्या दुसऱ्या माणसाला बोलावतो.

मी ठोकळा आवळून धरणारा शिकंजा उघडला. ठोकळा जिथं टेकतो तिथं खाली अक्षतांचा एक दाणा. कुंकवासकट चपटा झालेला. खंडेनवमीला मशीनची पूजा मालकांनीच केली होती.

मालक हळूच म्हणाले, "देवाचं काम हाय बाई. देवाला कसं बोलणार?"

"देवाला कोण बोलायलंय?"

फोन परत खिशात गेला.

*

दुसरा ठोकळा कापताना मी मशीनजवळ कुणाला उभं राहू दिलं न्हाई. मालकांनासुद्धा. चाक निघालं, मापात आलं, गाडीत बसलं. आता चालवून बघायचं. स्टेअरिंगचा मामला. वळणावर दात निसटले तर गाडी सरळ नाल्यात. वकीलसाहेब स्वतः चालवायला बसले आणि म्हणाले, सोबत कुणीतरी या. मालकांची कंबर दुखायला लागली. इंजिनियरसाहेबांना फोन आला.

मी चप्पल काढून आत बसले.

ताडकळसच्या रस्त्याला लागलो. एका वळणावर समोर मेंढरांचा कळप. साहेबांनी स्टेअरिंग गर्रकन फिरवलं. माझी नजर रस्त्यावर न्हाई, त्यांच्या हातांवर. गाडी वळली. मेंढरं राहिली तिकडं, आमी इकडं.

परत आलो तर सगळे दारात. मालक पुढं होऊन साहेबांना सांगायले की हे सगळं आमच्या इंजिनियरसाहेबांचं काम, चाक त्यांनीच बनवलं.

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"मग गाडीत बसायला ते का आले नाहीत?"

मालक गाडीच्या टायरकडं बघायले. मग टायरकडंच बघत म्हणाले, "रुक्मिणबाई, उद्या मशीनवर काय लावता?"