बुडातले ओरखडे

शहाडच्या माझ्या गाळ्यात मी शिवणीच्या लाकडाच्या वाडग्याला तेल लावलं आणि आतल्या बाजूला, बुडाच्या वळणावर, ओरखड्यांची वर्तुळं उठली. कोरडं असताना लाकूड गुळगुळीत दिसत होतं. तेलाने सगळं उघडं पाडलं.

आणि मॅडम ठाण्याहून निघाल्या होत्या.

टेंभी नाक्याजवळ त्यांचं लाकडी वस्तूंचं दुकान आहे. इतकी वर्षं त्या माझ्या चुलतभावाकडून, दादाकडून माल घेत आल्या. तो माल बहुतेक मीच लेथवर कातलेला. पण घासणं आणि पॉलिश दादाने स्वतःकडे ठेवलं होतं. "तू आकार दे, हात मी फिरवतो," म्हणायचा. कौतुक व्हायचं ते हात फिरवणाऱ्याचं. मी वेगळा झालो आणि मॅडमच्या मागे लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "एक वाडगा पूर्ण तुमच्या हातचा दाखवा. पटला तर पुढचं काम तुमचं. नाहीतर दादांकडे चाललंय ते ठीकच आहे."

त्या दिवशी सकाळी मी हा वाडगा घासायला घेतला आणि मेव्हण्याचा फोन आला. कुणाच्या तरी हळदीला दादा चारचौघांत म्हणाला होता, "त्याला कातता येतं. घासायला धीर लागतो, तो त्याच्याकडे नाही."

फोन ठेवला आणि फिरत्या वाडग्यावर घासकागद दाबून धरला. खरं तर प्रत्येक जाडीच्या कागदानंतर लेथ बंद करायचं, लाकडाच्या रेषेच्या दिशेने हाताने घासायचं, आधीचे ओरखडे गेले की मगच बारीक कागद घ्यायचा. मी लेथ थांबवलंच नाही. डोक्यात दादा फिरत होता, समोर वाडगा.

बायको दारात खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. तिने वाकून पाहिलं.

"अहो, गडद पॉलिश मारा की. दादा तेच करायचे."

"म्हणूनच मारणार नाही."

"मग मॅडमना सांगा, उद्या या."

"उद्या? म्हणजे दादा बोलला ते खरं करून दाखवू?"

"माझ्यावर कशाला ओरडताय? वाडग्यावर ओरडा!"

मी वाडगा पुसला, पुन्हा लेथवर चढवला आणि जाड कागदापासून सुरुवात केली. तेल प्यालेल्या लाकडाचा भुसा कागदात गच्च बसत होता. कागद झटकायचा, फेकायचा, नवा घ्यायचा. बुडाकडची जाडी मी आधीच हौसेने कमी ठेवली होती. जास्त घासलं तर आरपार जाईल, दाबलं तर तापून तडकेल. बोटाला कागदाआडून ऊब लागली की हात उचलत होतो. लेथ बंद, रेषेने घासा, उजेडात धरा, पुन्हा चालू. एक ओरखडा तर जाता जात नव्हता. मी शिव्या घातल्या, पण हात हलकाच ठेवला.

मॅडमचा फोन आला. "स्टेशनला उतरलेय. रिक्षाच नाहीये हो."

एरवी मी स्कूटर काढली असती. "जरा चालत या मॅडम," म्हणालो, "सरळच रस्ता आहे."

बायकोने कपाळावर हात मारला.

मॅडम घामाघूम होऊन आल्या तेव्हा दुसऱ्यांदा लावलेलं तेल मी कापडाने पुसून घेत होतो. पाणीसुद्धा न पिता त्यांनी वाडगा घेतला, खिडकीशी नेला, तिरका केला. बुडाच्या वळणावरून अंगठा फिरवला. परत फिरवला. मी बायकोकडे बघितलं नाही.

"सुंदर," त्या म्हणाल्या. मग वाडगा उलटा करून माझ्याकडे पाहिलं. "खरं सांगा हं. शेवटचा हात दादांनीच फिरवून दिला ना? भांडण मिटलं वाटतं."

माझी कानशिलं तापली. बायको पटकन म्हणाली, "मॅडम, चहा टाकते."

"टाक," मी म्हणालो. "भरपूर टाक."

कोपऱ्यातून शिवणीचा दुसरा ठोकळा उचलला, लेथवर कसला. खोक्यांजवळचं स्टूल पायाने मॅडमच्या पुढ्यात सरकवलं.

"बसा."

"अहो, मला दुकान उघडायचंय."

"उघडाल. हा वाडगा तुमच्यासमोर होईल, शेवटच्या कागदापर्यंत. तोवर तो हातातला मी देणार नाही. ठेवा खाली."

त्यांनी बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाडगा मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या. मी लेथ चालू केलं.